टाकीवरची तारीख आणि बॅटरीचे वय : वसई-विरारमधील जुन्या गाड्यांचा इतिहास

वसई-विरार परिसरात विजेवर चालणारे वाहन प्रथम आले ते रेल्वेच्या रूपाने. पश्चिम रेल्वेची पूर्वसूरी असलेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सोडली तेव्हा ती वाफेवर धावत होती. कुलाबा ते बोरिवली हा मार्ग जानेवारी १९२८ मध्ये विजेवर आला आणि १९३६ मध्ये ती वीज विरारला पोहोचली. पुढे अहमदाबादकडचा मार्ग वेगळ्या पद्धतीने विद्युतीकृत झाला, आणि त्यामुळे कित्येक दशके विरार हे दोन प्रकारच्या विजेच्या सीमेवरचे स्थानक राहिले : दक्षिणेला १,५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा डीसी, आणि उत्तरेला २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे सतत दिशा बदलणारा एसी. दोन्हीवर चालू शकणारी खास इंजिने या मार्गासाठी बांधावी लागली. चर्चगेट ते विरार हा संपूर्ण पट्टा एसीवर आणण्याचे काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पुरे झाले, तेव्हा ही सीमा पुसली गेली. विजेच्या मोटारीच्या संदर्भात हाच भेद आज पुन्हा समोर येतो, कारण घरातल्या प्लगमधून एसी मिळतो, बॅटरीत मात्र डीसीच साठवता येतो. घरी चार्जिंग करताना हे रूपांतर गाडीतल्या यंत्राकडून सावकाश होते, आणि महामार्गावरच्या जलद चार्जरमध्ये ते बाहेरच उरकले जाते.

रेल्वेची वीज लवकर आली तरी खासगी मोटार या भागात उशिरा आणि बहुधा वापरलेल्या स्थितीत आली. वसई आणि मुंबई यांच्यातील लोहमार्ग जवळचा. मोटारीला मात्र घोडबंदर-वरसावेचा वळसा घालूनच जावे लागे. वसईची केळी, पाने, फुले आणि भाजी पहाटेच्या लोकलनेच मुंबईच्या बाजारात जात असल्याने मालवाहतुकीसाठीही मोटारीची निकड फारशी नव्हती. गाडी घेणे ही चैन होती, आणि परवाना पद्धतीच्या काळात ती पैसे असूनही सहज मिळत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाटसाठी, म्हणजे पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीसाठी, नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नव्या गाड्यांचे वाटप १९५९ च्या नियंत्रण आदेशाने बांधलेले होते, आणि परिणामी लगेच मिळणाऱ्या जुन्या गाडीला कधी कधी नव्या गाडीहून अधिक भाव येई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यावर आणि १९९१ नंतर परवान्यांचे बंधन सैल झाल्यावर ही उलटी स्थिती संपली, आणि जुनी गाडी ही स्वस्त गाडी झाली.

वसई-विरारच्या वाढीचा वेग लक्षात घेतला म्हणजे या स्वस्त गाडीचे महत्त्व कळते. गिरगाव, परळ, अंधेरीत घर परवडेनासे झालेली कुटुंबे नालासोपारा, विरार, नायगाव येथे येत राहिली. जुलै २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात गेली. घराचा हप्ता डोक्यावर असलेल्या कुटुंबाची पहिली गाडी बहुधा जुनीच असणार, हे त्या हिशेबातूनच निघते. राज्याच्या आत गाडीची मालकी बदलली तरी तिचा नोंदणी क्रमांक बदलत नाही. त्यामुळे वसईची स्वतःची एमएच ४८ ही मालिका आल्यानंतरही इथल्या इमारतींखाली ‘झिरो वन’, ‘झिरो टू’, ‘झिरो थ्री’ आणि ठाण्याच्या ‘झिरो फोर’ पासिंगच्या गाड्या उभ्या दिसतात. पासिंग हा शब्द नोंदणीसाठी बाजाराने रूढ केला आहे, आणि जाणकाराला त्यावरून गाडीचे माहेर कळते : गाडी रोज कोणत्या रस्त्यावर धावली असेल, खाऱ्या हवेत उभी असे की तळघरात, याचा पहिला अंदाज तो त्यावरूनच बांधतो.

जुन्या गाडीच्या व्यापारात खरी किंमत असते ती न दिसणाऱ्या भागाची. रंग, काचा, सीटकव्हर ही डोळ्यांची गोष्ट आहे आणि डेंटिंग-पेंटिंगने ती दोन दिवसांत सुधारता येते. इंजिनाच्या आत काय आहे हे मात्र विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. ही दरी भरून काढण्याचे काम या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या मेकॅनिकने केले. खरेदीदार आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत नेई, आणि तो आधी काही न बोलता गाडी थंड आहे ना हे बॉनेटवर हात ठेवून पाही, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. मग गाडी चालू करून तेल भरण्याचे झाकण सैल करी : झाकण जागच्या जागी थरथरत राहिले तर ठीक, धुराच्या झोताने उडू लागले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावे. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या रुमालावर तेलाचे ठिपके, डिपस्टिकवर दुधाळ थर, ‘इंजिन खोललेले आहे’ हे सांगणारी नटांची घासलेली तोंडे — हे सगळे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते, पण ते सार्वजनिक होते. कंपनीच्या परवानगीशिवाय कोणालाही शिकता येत होते. काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा या कानाच्या आणि हाताच्या विद्येचे एक मोठे विद्यापीठही बंद झाले.

या विद्येला पहिला धक्का वायूने दिला. मुंबईत महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली, आणि प्रदूषणाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे, म्हणजे दाबाखाली साठवलेल्या नैसर्गिक वायूकडे, वळावे लागले. त्या लाटेमागून खासगी गाड्यांतही ‘किट’ बसू लागले, आणि पालघर जिल्ह्यात वायूचे जाळे आल्यावर वसई-विरारमध्ये जुनी पेट्रोल गाडी घेऊन तिला टाकी बसवणे हा मध्यमवर्गाचा सर्वसामान्य मार्ग झाला. इथे न दिसणारा भाग बदलला. इंजिनाबरोबरच डिकीतल्या सिलिंडरचे आरोग्य महत्त्वाचे ठरले, आणि ते कानाने ऐकून कळणारे नव्हते. त्यासाठी कायद्याने एक साधी व्यवस्था केली : दर तीन वर्षांनी सिलिंडर उतरवून पाण्याच्या दाबाने तपासायचा, ज्याला बाजारात हायड्रो टेस्टिंग म्हणतात, आणि तपासणीची व पुढील मुदतीची तारीख पट्टीवर नोंदवायची; मुदत टळली तर पंपावर गॅस भरून मिळू नये असा नियम. जुनी सीएनजी गाडी घेणारा माणूस रसायनशास्त्र जाणत नसला तरी ती तारीख वाचू शकतो. गाडीतील धोकादायक वस्तूचे वय पत्र्यावर कोरून ठेवण्याची ही पद्धत, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने, या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

बॅटरीची ओळख मात्र वसईकरांना गाडीतून झाली नाही. ती घरातल्या इन्व्हर्टरने करून दिली. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तो काळ महाराष्ट्रात भारनियमनाचा होता. मुंबई शहराला त्यातून सूट होती आणि खाडीपलीकडच्या वसईला नव्हती, ही तफावत इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसली. ज्या जिल्ह्यात पुढे वसई गेली त्याच पट्ट्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे ती अधिकच बोचते. घराघरांत इन्व्हर्टर आले आणि त्यांच्याबरोबर शिसे-आम्ल बॅटरी आली. तिच्यात महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालणे, तरंगत्या खुणेवरून पातळी पाहणे, टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुणे ही घरकामाची बाब झाली. नवी असताना तीन तास पंखा चालवणारी बॅटरी चौथ्या वर्षी पाऊण तासात मान टाकते, आणि तरीही चार्जिंगचा दिवा ‘पूर्ण’ असेच दाखवतो, हा अनुभव या घरांनी घेतला होता. बॅटरी भरलेली असणे आणि बॅटरी चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विजेच्या जुन्या गाडीच्या खरेदीतला पहिला धडा वसईत असा आधीच गिरवला गेला होता.

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशी विजेची मोटार म्हणून रेवा २००१ मध्ये बंगळुरूहून आली. ती दोन दारांची, लहान बांध्याची होती. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या आणि एका चार्जिंगमध्ये ती फार तर ऐंशी किलोमीटर जाई. लंडनमध्ये तिला ‘जी-विझ’ या नावाने गिऱ्हाईक मिळाले, पण वसईच्या दृष्टीने तिचे गणित जुळणारे नव्हते. विरार ते चर्चगेट हे अंतर रेल्वेने साठ किलोमीटर आहे. रस्त्याने ते त्याहून कमी भरत नाही. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरांच्या वर धाव लागत असेल आणि मधल्या दिवसभरात कार्यालयाखाली चार्जिंगची सोय नसेल, तर ऐंशी किलोमीटरची गाडी संध्याकाळी दहिसर ओलांडणार नाही. महिंद्राने २०१० मध्ये रेवा कंपनीतील बहुमताचा हिस्सा घेऊन २०१३ मध्ये ई-टू-ओ आणली, तिच्यात शिशाऐवजी लिथियम बॅटरी होती आणि तिची धाव शंभर किलोमीटरच्या आसपास होती. तरीही ती मुंबईच्या आतल्या आत फिरणाऱ्याची गाडी राहिली. उपनगराच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला विजेच्या गाडीची गरज सर्वांत अधिक, कारण त्याचेच इंधन सर्वांत अधिक जळते. आणि नेमक्या त्याच माणसाला ती पहिली वीस वर्षे वापरता आली नाही. भूगोलाने घातलेले हे कोडे २०२० च्या जानेवारीत टाटा नेक्सॉन ईव्ही आल्यावर सुटू लागले. तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती. किलोवॉट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचे एक युनिट, हे इथे लक्षात ठेवावे. प्रमाणित धाव ३१२ किलोमीटर सांगितली गेली; प्रत्यक्षात वातानुकूलन आणि महामार्गाचा वेग धरून ती बरीच कमी भरते, पण विरार-चर्चगेट-विरार हा फेरा तिच्यात बसतो.

प्लग-इन हायब्रीडचा इतिहास या परिसरात थोडक्यात आटोपतो. ज्या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि प्लगवर चार्ज होणारी मोठी बॅटरी दोन्ही असतात, आणि जी काही अंतर निव्वळ विजेवर कापू शकते, ती प्लग-इन हायब्रीड. भारतात अशा गाड्या व्होल्वो, बीएमडब्ल्यू यांसारख्या महागड्या वर्गातच आल्या, आणि हायब्रीडवर तेव्हा असलेला २८ टक्के वस्तू व सेवा कर व त्यावरचा उपकर यांमुळे त्या तिथेच राहिल्या. पण बाजारात ‘हायब्रीड’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेत मारुती सियाझसारख्या सौम्य हायब्रीड गाड्यांनाही अनुदान मिळाले, ज्यांत विजेची मदत केवळ इंजिनाला हातभार लावण्यापुरती असते आणि प्लग मुळीच नसतो. २०१७ च्या एप्रिलपासून त्यांना वगळण्यात आले. त्या काळातली जुनी गाडी ‘हायब्रीड आहे’ म्हणून चढ्या दराने विकायला निघते, तेव्हा चार्जिंगचे तोंड दाखवा एवढा एकच प्रश्न पुरेसा असतो.

नेक्सॉन ईव्हीच्या पिढीपासून वापरलेल्या विजेच्या गाड्या खऱ्या अर्थाने बाजारात येऊ लागल्या, आणि त्यांच्या भावाने जुन्या दलालांचे आडाखे चुकवले. याला कारणे होती. राज्याच्या जुलै २०२१ च्या धोरणात पहिल्या दहा हजार चारचाकींना किलोवॉट-तासामागे ५,००० रुपये, कमाल दीड लाख, आणि लवकर घेणाऱ्याला आणखी एक लाखापर्यंत सवलत होती. पेट्रोल गाडीवर ११ ते १३ टक्के बसणारा एकरकमी मोटार कर विजेच्या गाडीला माफ होता. वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला होता. नव्या गाडीच्या किमतीत झालेली प्रत्येक कपात जुन्या गाडीच्या किमतीतून वजा होते, हे जुन्या बाजाराचे साधे सूत्र आहे. त्यात २०२४ च्या फेब्रुवारीत बॅटरीच्या सेलचे दर उतरल्याचे सांगून टाटाने नेक्सॉन ईव्ही एक लाख वीस हजारांपर्यंत आणि टियागो ईव्ही सत्तर हजारांपर्यंत स्वस्त केली, तेव्हा आदल्या आठवड्यात ठरलेले जुन्या गाड्यांचे सौदे डळमळले. पुढच्या वर्षी आणखी एक भर पडली : भांडवली बाजार नियामक सेबीने प्रवर्तकांविरुद्ध काढलेल्या १५ एप्रिल २०२५ च्या आदेशानंतर ब्लूस्मार्ट या विजेच्या टॅक्सीसेवेचा व्यवहार थांबला आणि तिने भाड्याने घेतलेल्या हजारो गाड्यांना नवा मालक किंवा नवा भाडेकरू शोधण्याची वेळ आली. टॅक्सीत धावलेली गाडी पूर्वीही बाजारात येई, पण तेव्हा मिस्त्री क्लचच्या पेडलवरून आणि स्टिअरिंगच्या झिजलेल्या कातड्यावरून ती ओळखे. विजेच्या गाडीला क्लचच नाही.

इथे या लेखाच्या मध्यवर्ती मुद्द्यापाशी येता येते. विजेच्या गाडीतील न दिसणारा भाग म्हणजे बॅटरी. नव्या गाडीच्या किमतीचा सर्वांत मोठा एकल वाटा तिचा असतो. तिचे वय किलोमीटरवरून पूर्ण कळत नाही, कारण नुसती उभी राहूनही ती झिजते. आणि उष्णता हे तिच्या झिजेचे मोठे कारण आहे. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला थंड ठेवण्याची द्रवयंत्रणा नव्हती, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातील मालकांना दोन उन्हाळ्यांतच धाव घटल्याचे जाणवले. त्यांच्या तक्रारींनंतर कंपनीला बॅटरीच्या धारणशक्तीची वेगळी हमी द्यावी लागली. वसईचा उन्हाळा तितका कोरडा नसला तरी उष्ण आणि दमट आहे, आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीला तो चुकत नाही. बॅटरीची उरलेली धारणशक्ती टक्क्यांत सांगतात, तिला बाजार ‘बॅटरी हेल्थ’ म्हणतो. हा आकडा गाडीतील संगणकाला ठाऊक असतो. पण अनेक गाड्यांत तो मालकाच्या पडद्यावर येत नाही, आणि तो वाचण्याचे साधन कंपनीच्या सेवा केंद्रात असते. तेलाचे झाकण कोणीही उघडू शकत होता. हा आकडा उघडण्याची किल्ली विकणाऱ्याकडेही नाही आणि घेणाऱ्याकडेही नाही. शंभर वर्षांत प्रथमच जुन्या गाडीचे गुपित तिच्या निर्मात्याच्या हाती गेले आहे, आणि ही गोष्ट गैर आहे असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

तरीही एक घरगुती कसोटी उपलब्ध आहे, आणि ती इन्व्हर्टरच्या काळातील शहाणपणाशी नाते सांगते. ३०.२ युनिटांची बॅटरी वीस टक्क्यांपर्यंत उतरवून घ्यावी आणि स्वतंत्र मीटर असलेल्या प्लगवर शंभर टक्क्यांपर्यंत भरावी. नव्यासारख्या बॅटरीत या ऐंशी टक्क्यांसाठी सुमारे चोवीस युनिटे सामावतात, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून मीटरवर सव्वीस-सत्तावीस युनिटे पडावीत. मीटरवर वीस-एकवीसच पडली, तर बॅटरीची एक-पंचमांशाहून अधिक धारणशक्ती गेली असे मानायला जागा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाच्या बॅटरीत, जी नेक्सॉनसारख्या अनेक भारतीय गाड्यांत आहे, टक्क्यांचा काटा अधूनमधून चुकतो, कारण भरताना आणि रिकामी होताना तिचा विद्युतदाब जवळजवळ सपाट राहतो. म्हणून ही कसोटी गाडी एकदा पूर्ण भरून घेतल्यानंतरच करावी लागते. यात एक रात्र जाते, आणि रात्रभर गाडी ठेवू द्यायला विकणारा तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

कागदपत्रांचा इतिहास गाडीच्या इतिहासाइतकाच जुना आहे आणि तितकाच खाचखळग्यांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकीबदल कळवायचा असतो. त्यासाठीचे नमुने २९ आणि ३० बाजारात एकत्रितपणे टीटीओ फॉर्म म्हणून ओळखले जातात. या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन गाडी एका दलालाकडून दुसऱ्याकडे फिरवत राहण्याची रीत फार पूर्वीपासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे त्याच्यावरच राहते. त्यानंतर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला अधिकृत परवाना आणि गाडी ताब्यात आल्याची ऑनलाइन सूचना बंधनकारक केली, जेणेकरून मधल्या काळात जबाबदार कोण हे ठरावे. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेरला झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत जुन्या विजेच्या गाड्यांवर अठरा टक्के कर ठरला, तेव्हा आपली गाडी शेजाऱ्याला विकली तरी कर भरावा लागेल अशी भीती पसरली. ती निराधार होती. कर फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्याला आणि तोही त्याच्या नफ्यावर आहे : व्यापाऱ्याने नऊ लाखांना घेतलेली गाडी दहा लाखांना विकली तर कर एका लाखावर, म्हणजे अठरा हजार रुपये. शेजाऱ्याशेजाऱ्यांतल्या व्यवहारावर तो नाही.

वसई-विरारची म्हणून दोन खास दुखणी या व्यवहारात आहेत. पहिले पाणी. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईभर ‘पाण्यात गेलेली गाडी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि वसईला तो २०१८ च्या जुलैत पुन्हा आठवला. त्या पावसात लोकल बंद पडल्या, मिठागरांतल्या वस्तीतून माणसे बाहेर काढावी लागली आणि महावितरणला कित्येक भागांचा पुरवठा खंडित ठेवावा लागला. विजेच्या गाडीची बॅटरी पायाखालच्या तळाशी असते. तिची पेटी साधारणतः एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी मोहोरबंद असते. पण वसईचे पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही, आणि भरतीच्या वेळी ते खारे असते. म्हणून इथला जाणता ग्राहक आधी गालिचा उचलून सीटच्या रुळांवरचा गंज पाहतो, सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का ते बघतो, आणि मगच टक्क्यांची चौकशी करतो.

दुसरे दुखणे जागेचे. पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा तर सोसायटीची परवानगी, मीटरच्या खोलीपासून ओढायची तार आणि वाढीव भार मंजूर करून घेणे हे सगळे ओघाने येते. ज्या इमारतीत पार्किंगच मोजके आहे तिथे सर्वसाधारण सभेत हा विषय तापतो. त्यामागे केवळ आडमुठेपणा असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा काही दिवसांनी मृत्यू झाला. देशभरातील अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची सुधारित मानके त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून दोन टप्प्यांत लागू झाली. पण मानके पुढच्या उत्पादनाला लागू होतात. त्याआधी बनलेल्या गाड्या आजही हातोहात विकल्या जातात, आणि जुनी गाडी घेताना तिच्या निर्मितीचा महिना पाहणे हे किमतीइतकेच गरजेचे ठरते. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली, तिचा वसईकराला रोजच्या वाटेवर फारसा उपयोग नाही : दहिसरचा टोल सर्वच हलक्या वाहनांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे आणि खानिवड्याचा नाका राष्ट्रीय महामार्गावरचा आहे. त्यापेक्षा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो बोटीने त्याला अधिक दिले, कारण खाडीचा लांबलचक वळसा वाचतो आणि जुन्या बॅटरीची घटलेली धाव त्या बचतीत भरून निघते.

बॅटरीचा धोका ग्राहकाच्या डोक्यावरून काढण्याचे उपाय नवे वाटले तरी जुनेच आहेत. अमेरिकेतील हार्टफर्डच्या वीज कंपनीने १९१० च्या दशकात ग्राहकाला बॅटरीविना विजेची गाडी घेऊ दिली. बॅटरी कंपनीची, ती बदलून मिळे, आणि पैसे धावलेल्या मैलांवर. २०२४ च्या सप्टेंबरात एमजी विंडसर भारतात आली, तेव्हा गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीसाठी किलोमीटरमागे साडेतीन रुपये, ही योजना त्याच वळणाची होती. अशी गाडी दुसऱ्याला विकताना बॅटरीचा करारही हस्तांतरित करावा लागतो, आणि फ्रान्समध्ये रेनॉ झोईच्या भाड्याच्या बॅटरीमुळे जुन्या गाडीच्या ग्राहकांची झालेली अडचण पाहता हे कलम दोनदा वाचावे असे आहे. दुसरा उपाय हमीचा. सुरुवातीची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आता काही गाड्यांवर आयुष्यभराची झाली आहे. पण ती पहिल्या मालकासाठी आहे, आणि दुसऱ्या मालकाला ती आखूड होऊन मिळते. ज्याला हमीची सर्वाधिक गरज त्याच्याच वाट्याला ती कमी येते.

युरोपीय संघाने २०२३ च्या नियमावलीत प्रत्येक मोठ्या बॅटरीला फेब्रुवारी २०२७ पासून स्वतःचे पारपत्र ठरवून दिले आहे, ज्यात तिचे घटक आणि तिची धारणशक्ती नोंदलेली असेल. भारतात हिरव्या नंबरप्लेटने २०१८ पासून विजेची गाडी लांबूनही ओळखू येते, खासगी असेल तर पांढऱ्या आणि भाड्याची असेल तर पिवळ्या अक्षरांनी. तिच्या आरसी पुस्तकात चॅसी क्रमांक आहे, आणि इंजिन क्रमांकाच्या रकान्यात मोटरचा क्रमांक आहे. बॅटरीविना विकल्या जाणाऱ्या दुचाकी-तीनचाकींच्या नोंदणीसाठी केंद्रीय परिवहन मंत्रालयाने १२ ऑगस्ट २०२० रोजी राज्यांना कळवले, तेव्हा बॅटरीचा प्रकार किंवा अन्य तपशील नमूद करण्याची आवश्यकता नाही असेच त्यात म्हटले होते. विरार फाट्याजवळच्या एखाद्या गॅरेजात दोन जुन्या गाड्या शेजारी उभ्या असतील, तर सीएनजीच्या गाडीतील टाकीची शेवटची तपासणी कधी झाली हे टॉर्चच्या उजेडात पट्टीवर वाचता येते. हिरव्या पाटीच्या गाडीखाली वाकून पाहिले तर तिथे गुळगुळीत काळी पेटी आहे, आणि तिच्यावर धोक्याचे चिन्ह आहे.